रेकॉर्डिंगमधली घरघर आणि प्लगची तिसरी पिन



2020 च्या लॉकडाऊनपासून आपल्यापैकी अनेकांच्या घरात एक छोटा 'स्टुडिओ' तयार झाला आहे. लॅपटॉप, माइक, एखादा साउंड मिक्सर, बस्स! कवितांच्या चाली, गोष्टी, धडे आपण तिथे रेकॉर्ड करतो. पण ऐकायला बसलं की आवाजामागे सतत 'घूंऽऽ' अशी घरघर असते.

माझ्याकडेही हेच झालं. ओळखीच्या एकाने सुचवलं, "लॅपटॉपच्या प्लगची मोठी पिन काढून टाका." काढली, आणि घरघर खरंच थांबली! पुढे एकदा मिक्सरची केबल काढून नुसत्या लॅपटॉपवर काम करत होते, तर त्याच्या पत्र्याला हात लागताच झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा लागला. मी घरघर घालवली होती, पण सोबत सुरक्षाही घालवली होती.

तिसरी पिन काय करते?

आपल्या घरात 230 व्होल्टची वीज येते. प्लगच्या दोन पिना फेज आणि न्यूट्रलच्या, तिसरी अर्थिंगची. समजा, उपकरणात बिघाड होऊन फेजची तार धातूच्या पत्र्याला टेकली. अर्थिंग नीट असेल तर मोठा प्रवाह अर्थच्या तारेतून वाहतो आणि एमसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर एमसीबी पडत नाही, पत्रा 'जिवंत' राहतो. त्या पत्र्याला केबलने माइकची जाळी जोडलेली असते, आणि माइक असतो आपल्या मुलांच्या हातात, ओठांजवळ. म्हणून हा विषय फक्त आवाजाचा नाही.

ही पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड का असते? लांब, म्हणजे प्लग घालताना ती आधी जोडली जावी आणि काढताना शेवटी सुटावी. जाड, म्हणजे ती चुकूनही फेजच्या भोकात जाऊ नये.

मग घरघर येते कुठून?

लॅपटॉप एका बोर्डवर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डवर असेल, तर दोघांचं अर्थिंग वेगवेगळ्या वाटेने जातं. वर दोघांना जोडणारी ऑडिओ केबल असतेच. असा तारांचा एक बंद वेढा तयार होतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. या वेढ्यातून अगदी थोडा प्रवाह फिरतो. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून 50 आणि त्याच्या पटीतल्या, म्हणजे 100, 150 हर्ट्झच्या लहरी रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतात. पिन काढली की वेढा तुटतो, म्हणून घरघर थांबते. पण वेढा तोडायची जागा चुकते.

योग्य उपाय, याच क्रमाने

1. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. घरघर थांबली, तर दोष बहुधा ग्राउंड लूपचा किंवा चार्जरचा.
2. लॅपटॉप, मिक्सर, स्पीकर एकाच चांगल्या थ्री-पिन एक्स्टेंशन बोर्डवर लावा. वेढा लहान होतो, आणि बहुतेक वेळा एवढंच पुरतं. त्या बोर्डवर इस्त्री किंवा हीटर मात्र नको.
3. पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, एलईडी दिवे एकेक करून बंद करा. 'चर्रर्र' आवाज थांबला, तर चोर सापडला!
4. माइकची केबल विजेच्या वायरींपासून दूर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.
5. मिक्सरला सोय असेल तर बॅलन्स्ड केबल वापरा. तिच्यात एकच आवाज दोन तारांतून उलटसुलट जातो. बाहेरची घरघर मात्र दोन्हींत सारखीच शिरते, त्यामुळे शेवटी वजा होऊन जाते.
6. तरीही घरघर राहिली तर ऑडिओ आयसोलेटर लावा. तो वेढा आवाजाच्या केबलमध्ये तोडतो, अर्थिंगला हात लावत नाही.

घराचं अर्थिंग आहे का?

जुन्या घरांत बोर्डाला तिसरं भोक असतं, पण मागे तारच नसते! परवानाधारक वायरमनकडून एकदा तपासून घ्या. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का, तेही विचारा. गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. ही तपासणी मुलांना करायला लावू नका, स्वतःही करू नका.

वर्गात मात्र एक कृती जरूर घ्या. कशालाही न जोडलेला एक सुटा थ्री-पिन प्लग मुलांच्या हातात द्या आणि विचारा, "एकच पिन लांब का?" उत्तर मुलांनाच शोधू द्या. ज्याला ते उमगलं, तो ती पिन कधी कापणार नाही.