जाम झालेली मोटार का जळते?

पाठीवरच्या बॅटरी फवारणी पंपातील छोटी मोटार दिवसभर फिरून जळत नाही, पण जागीच अडकली तर काही सेकंदांत जळू शकते. ऐन फवारणीत पंप बंद पडू नये म्हणून यामागचे कारण समजून घ्यावे.

मोटार फिरताना स्वतःही बॅटरीच्या विरुद्ध विद्युत दाब निर्माण करते. त्यामुळे प्रवाह आटोक्यात राहतो. समजा, १२ व्होल्टच्या मोटारीच्या वाइंडिंगचा रोध १ ओहम आहे आणि चालताना ती २ ॲम्पिअर प्रवाह घेते. तेव्हा बॅटरीतून येणाऱ्या २४ वॅटपैकी २० वॅट मोटार फिरविण्याच्या कामी येतात व अवघ्या ४ वॅटची वाइंडिंगमध्ये उष्णता होते. मोटार अडकली की उलट दाब नाहीसा होतो. प्रवाह १२ ॲम्पिअरपर्यंत चढतो आणि सर्व १४४ वॅटची उष्णता होते. म्हणजे प्रवाह सहापट, पण उष्णता छत्तीसपट! (बॅटरीचा दाब अशा वेळी थोडा उतरतो, तो येथे धरलेला नाही.)

वाइंडिंगमध्ये ५० ग्रॅम तांबे असल्यास त्याचे तापमान सुरुवातीला दर सेकंदाला सुमारे ७ अंश सेल्सिअसने वाढते. तारेवरील लाखेचा थर सर्वसाधारणपणे १३० ते १५५ अंशांपर्यंत टिकाव धरतो. पंधरा-वीस सेकंदांत ही मर्यादा गाठली जाते. तोपर्यंत मोटारीचे कवच हाताला फारसे गरमही लागत नाही.

यंत्रमानवाच्या हातातील छोटी मोटार वजन पेलून स्थिर राहते, तेव्हाही हाच नियम लागू पडतो. म्हणून तेथे प्रवाहावर मर्यादा घालतात. प्रवाह निम्मा केला की उष्णता चौथाईवर येते. आपल्या पंपात धोक्याचा प्रवाह तोडण्याचे काम फ्यूज करतो.

पुढील काळजी घ्यावी :

१. बटण दाबूनही मोटार फिरत नसेल किंवा नुसती गुणगुणत असेल, तर दोन-तीन सेकंदांत बटण बंद करावे. पुन्हा पुन्हा दाबून पाहू नये.

२. फवारणी संपताच पंपातून स्वच्छ पाणी चालवावे. औषधाचा साका आत वाळला की पंप अडकतो.

३. द्रावण गाळूनच टाकीत भरावे.

४. बॅटरी उतरलेली असताना पंप चालवू नये. कमी दाबावर मोटारीचा जोर कमी पडून ती अडकू शकते.

५. फ्यूज उडाल्यास आधी कारण शोधावे व त्याच क्षमतेचा फ्यूज बसवावा. त्याजागी तांब्याची तार कधीही गुंडाळू नये. मग फ्यूजऐवजी मोटारच जळते.