प्रश्न विचारणाऱ्या बायका

२०१० साली 'व्हाइस' या परदेशी माध्यम कंपनीने सांगली आणि उत्तर कर्नाटकातल्या धंदा करणाऱ्या बायकांवर 'प्रॉस्टिट्यूट्स ऑफ गॉड' नावाचा माहितीपट इंटरनेटवर टाकला. देवदासी, गरिबी, एड्स असा सगळा ठरलेला मसाला त्यात होता. अशा फिल्मा येतात नि जातात. ज्यांच्यावर काढल्या त्यांच्या नजरेलाही त्या पडत नाहीत. सांगलीच्या बायकांनी मात्र ती पाहिली, समजून घेतली आणि कॅमेऱ्यासमोर बसून आपलं उत्तर रेकॉर्ड करून तेही इंटरनेटवर टाकलं. आम्ही विश्वासानं घरात घेतलं आणि तुम्ही आमचंच हसं केलंत, असा त्या उत्तराचा रोख होता.

या बायकांच्या संघटनेचं नाव वेश्या अन्याय मुक्ती परिषद, बोलण्यात 'व्हॅम्प'. मीना सेषू यांच्या 'संग्राम' म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेनं १९९२च्या सुमाराला सांगली जिल्ह्यात एचआयव्हीचं काम सुरू केलं. १९९६ मध्ये त्यातूनच व्हॅम्प उभी राहिली. त्या काळी आरोग्यशिक्षणाची रूढ पद्धत सोपी होती. बाहेरून माणूस यायचा, तक्ता उलगडायचा, चार भीतीच्या गोष्टी सांगायचा, निरोधची पाकिटं वाटायचा आणि रजिस्टरात आकडा चढवून निघून जायचा. इथं वाटपाचं काम वस्तीतल्या बायकांनीच हातात घेतलं.

त्यानं फरक काय पडला? निरोध कसा लावायचा हे शिकवायला पाच मिनिटं पुरतात. पाकिटावरची तारीख बघायची, कडेनं फाडायचं, टोकाला हवा राहू द्यायची नाही. खरी अडचण दारात उभ्या गिऱ्हाइकाची असते. तो म्हणतो, दुप्पट देतो, पण निरोध नको. एकटीनं नकार दिला तर तो पुढच्या दारी जातो, आणि संध्याकाळी चूल तिचीच पेटायची राहते. गल्लीतल्या सगळ्याजणी एकच उत्तर देणार असतील तरच तिच्या 'नाही'ला वजन येतं. हे कुठल्याही तक्त्यावर लिहिलेलं नसतं, आणि बाहेरच्या कार्यकर्त्याला जमणारंही नसतं. त्यासाठी शेजारीण लागते.

संशोधनातही तेच. प्रश्नावली घेऊन आलेल्या ताईंनी 'निरोध वापरता का?' असं विचारलं की उत्तर ठरलेलं: हो, दरवेळी. तेवढं म्हटलं की ताई खूश होऊन जातात. वस्तीतली बाई मात्र पुढचा प्रश्न टाकते: 'आणि मालकाबरोबर?' मालक म्हणजे कायमचा जोडीदार, ज्याच्याशी मन जडलेलं असतं. त्याच्यापुढे निरोध काढणं म्हणजे त्याला गिऱ्हाइकाच्या रांगेत बसवणं. नेहमीच्या जोडीदाराबरोबर निरोधचा वापर कमी असतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण कुणाला, कधी आणि कुठल्या शब्दांत विचारायचं, ते आतल्या माणसालाच कळतं.

लोकांना विश्वासात घेऊन केलेल्या संशोधनाचं महाराष्ट्रातलं आणखी एक ठळक उदाहरण गडचिरोलीचं आहे. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या त्या निबंधानुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर सरकारी दप्तरात बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन. अंगावरून पांढरं जाणं, कंबर धरणं हे बाईच्या जातीला असायचंच, असं तिच्या सासूनंही तिला सांगितलेलं. बायका बोलत नाहीत ही तक्रार तेव्हाही खोटी होती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

आता 'सहभागी संशोधन' या शब्दाची चलती आहे आणि त्यात बनवाबनवीही भरपूर आहे. वस्तीतल्या बाईच्या हाती फॉर्म द्यायचे, तुटपुंजं मानधन टेकवायचं, तिच्या ओळखीवर शेकडो मुलाखती भरून घ्यायच्या आणि शोधनिबंधावर नाव आपलं घालायचं. याला सहभाग म्हणणं मला जड जातं. प्रश्न ठरवताना ती खोलीत होती का, आणि नको म्हणण्याची तिला मुभा होती का, एवढं विचारलं तरी बरंच उघडं पडतं. संग्रामनं मांडलेल्या हक्कांत नम्रतेनं आणि आदरानं वागवलं जाण्याचा हक्क आहे, हो किंवा नाही म्हणण्याचा आहे, आणि बाहेरच्यांकडून 'सोडवणूक' करून न घेण्याचाही आहे. नाही म्हणण्याची किंमत संस्थेनं स्वतः मोजली. वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं लिहून द्या, अशी अट अमेरिकी सरकारी निधीला आली, तेव्हा २००५ मध्ये संग्रामनं तो निधीच सोडला.

प्रश्न बायकांनी ठरवले की ते कुठे वळतात, हे २०१८च्या 'रेडेड' या अहवालात दिसतं. आरोग्य खात्याला निरोध किती वाटले ते हवं असतं; बायकांना हवं होतं ते वस्तीवर पोलिसांचा छापा पडल्यानंतर काय होतं याचं उत्तर. संग्रामनं महाराष्ट्रातल्या छाप्यांत उचललेल्या २४३ जणींशी बोलून ते शोधलं. त्यातल्या १९३ जणी म्हणाल्या, आम्ही आपल्या मर्जीनं या कामात आहोत. तरी पकडून 'सुटका' त्यांचीही झालेली होती.

वरवर पाहता याचा आरोग्याशी संबंध नाही. पण छाप्यात सापडलेली निरोधची पाकिटं पुरावा म्हणून वापरली जाणार असतील, तर ती जवळ ठेवायची कुणी? १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निरोध हा गुन्ह्याचा पुरावा धरू नये. आरोग्य खातं पाकिटं वाटू लागलं त्याला तोवर कितीतरी वर्षं होऊन गेली होती.