प्लेट कापण्याआधी यादी मांडा

पावसाळ्यात गोसीखुर्दचे दरवाजे उघडल्याची वर्दी आली की वैनगंगाकाठची गावे सावध होतात. या धरणाला ३३ दरवाजे आहेत. असा दरवाजा एका तुकड्याचा नसतो. जाड लोखंडी प्लेटमधून लहानमोठे तुकडे कापून, जोडून तो उभा राहतो. आणि त्याही आधी असते ती एक यादी : तुकडा कोणता, जाडी किती, मापे काय, नग किती.

आता तुम्ही म्हणाल, धरणाच्या दरवाजाशी आपला काय संबंध? संबंध असा, की रोवणीच्या तोंडावर ट्रॅक्टरची केजव्हील तुम्ही करून घ्याल, तेव्हा हीच यादी तुमच्याही हातात असेल. प्लेटचे पैसे वजनावर द्यावे लागतात. भंगारात गेलेल्या तुकड्याचेसुद्धा.

घरात ब्लाउज बेतणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही. पाठ, पुढा, बाह्या कापडावर फिरवून-फिरवून ती असे बसवते की चिंधीसुद्धा मोजकी उरते. लोखंडाचा बेत असाच करायचा. तो संगणकावर करतात आणि त्याला नेस्टिंग म्हणतात.

एक हिशेब मांडू. समजा, दोन चाकांना मिळून ३०० मिलिमीटर व्यासाच्या दोन गोल तबकड्या हव्यात. प्रत्येकीच्या मध्ये १६० मिलिमीटरचे भोक. शिवाय आऱ्यांना आधार द्यायला २४ काटकोनी त्रिकोण, दोन्ही बाजू १०० मिलिमीटर. जाडी सगळ्यांची १०. एक चौरस मीटर प्लेट दर मिलिमीटर जाडीला ७.८५ किलो भरते. त्रिकोण एकेका चौकोनात आखले तर २४ चौकोन, म्हणजे सुमारे १९ किलो लोखंड. तेच दोन-दोन उलटसुलट जोडले तर १२ चौकोन, साडेनऊ किलोच्या थोडे आत. आणि गंमत पुढेच आहे. तबकडीच्या भोकातून निघणारी चकती तर भंगारातच जाणार होती. त्या प्रत्येक चकतीत त्रिकोणांची एक जोडी बसते. म्हणजे चार त्रिकोण फुकटात पडले!

हे डोळ्यांनी जमते, मग संगणक कशाला? दोन-तीन प्रकारचे तुकडे असले तर नकोच. पण ट्रॉली करायची झाली, तीस प्रकारचे तुकडे असले, की डोके चालेनासे होते. या कोड्याने गणितज्ञांनाही गुंतवले आहे. प्लायवुड कारखान्याच्या एका अडचणीवरून लिओनिद कान्तोरोविच या रशियन गणितज्ञाने १९३९ साली अशा हिशेबाची रीत मांडली. १९७५ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्याचा वाटा होता. असो.

घरातल्या आयटीआय शिकलेल्या मुलीला किंवा मुलाला एक्सेलच्या तक्त्यात यादी भरायला सांगा. एका ओळीत एक तुकडा : नाव, जाडी, लांबी, रुंदी, भोके, नग. डावा-उजवा तुकडा वेगवेगळा असेल तर दोन ओळी करा. मापे सगळी मिलिमीटरमध्ये. एकात इंच, एकात सूत असे चालत नाही. मग जाडीप्रमाणे ओळी वेगळ्या करायच्या, कारण एका प्लेटवर एकच जाडी कापली जाते. प्रत्येक ओळीचे चित्र लिब्रेकॅडसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये काढता येते. तुकडे पुष्कळ असतील तर जाणकार पोरे छोटा प्रोग्रॅम लिहून तक्त्यावरूनच चित्रे काढून घेतात. चित्रे डीएक्सएफ फाइलमध्ये ठेवली की डीपनेस्टसारखा प्रोग्रॅम त्यांची मांडणी करून देतो. हीच फाइल नागपूरच्या एमआयडीसीतले प्लाझ्मा किंवा लेसर कटिंगवाले मागतात.

फाइल देण्याआधी मात्र स्वतः बसून पाहा. एखादे माप ताडून घ्या. फाइल इंचात वाचली गेली तर ३०० ची तबकडी २५.४ पट मोठी होते. रेषा कुठे तुटलेली नको, तुकडा सर्व बाजूंनी बंद हवा. एकावर एक दोनदा काढलेली रेष मशिन दोनदा कापते. कापताना ज्योतही लोखंड खाते, म्हणून दोन तुकड्यांत अंतर लागते. ते किती, हे कटिंगवाल्यालाच विचारा, अंदाजाने ठरवू नका. प्लाझ्मावर प्लेटच्या जाडीपेक्षा लहान भोक नीट पडत नाही. तिथे नुसती खूण करून घ्या, भोक ड्रिलने पाडा. आधी आतले त्रिकोण, मग भोक, शेवटी बाहेरची कड, असा क्रम हवा. बाहेरची कड आधी कापली की तुकडा हलतो आणि भोक सरकते. बोल्टची भोके सरकलेली तबकडी चाकावर बसत नाही, आणि चिखलणी काही आठ दिवस थांबत नाही.

काही प्रोग्रॅम तुकडे प्लेटभर पसरवतात. ते टाळा. सगळे एका टोकाला दाटीने बसवा, म्हणजे दुसरीकडे सलग पट्टी उरेल. कापायला देतानाच सांगून ठेवा, की ती पट्टी आमची. तिच्यावर खडूने जाडी लिहा आणि तुकड्यांबरोबर घरी घेऊन या.