गवा रेषा ओलांडतो तेव्हा: राधानगरीचं जंगल आणि त्याचे कायदे

वन्यजीवांचे कायदे आणि आंतरराष्ट्रीय करार, हा विषय ऐकायला जड आहे. मी कलमं वाचून दाखवायला लागलो तर अर्ध्या तासात निम्मं सभागृह रिकामं होईल. म्हणून एक सोपी वाट धरू. दाजीपूरच्या जंगलातून एक गवा निघाला आणि चालत चालत खाली उसापर्यंत आला, असं समजा. वाटेत त्याला कुठे कुठला कायदा लागू होतो, एवढंच आज बघायचंय.

तो निघतो ते रान कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं राखीव जंगल होतं. शिकारीसाठी राखलं म्हणून ते टिकलं. गंमत वाटेल, पण खरं आहे. १९५८ साली तिथं गव्यांसाठी अभयारण्य झालं. राज्यातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांपैकी ते एक. १९८५ मध्ये हद्द वाढली आणि राधानगरी अभयारण्य झालं, सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचं.

आता मुख्य कायदा: वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२. त्या वेळी वन्यजीव हा राज्यांचा विषय होता. संसदेला थेट कायदा करता येत नव्हता, म्हणून काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले आणि त्यावर हा कायदा उभा राहिला. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनंतर हा विषय समवर्ती सूचीत आला.

हा कायदा दोन गोष्टी वेगवेगळ्या करतो. एक, प्राण्याला संरक्षण. दोन, जागेला संरक्षण. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: प्राण्याचं संरक्षण त्याच्याबरोबर चालत जातं, जागेचं संरक्षण हद्दीवर थांबतं.

गवा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याची शिकार केली तर किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. जंगलात मारा नाहीतर तुमच्या बांधावर मारा, गुन्हा तोच. कुंपणाच्या तारेत करंट सोडला आणि गवा मेला, तर तीही कायद्याने शिकारच.

जागेचं तसं नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय झाड तोडणं, अधिवासाची नासधूस करणं, पाण्याचा प्रवाह वळवणं याला बंदी आहे. पण ती रेषेच्या आत.

मग आंतरराष्ट्रीय करार कुठे आले? समजा कुणी गव्याचं शिंग परदेशात विकायला नेलं. तिथे साइट्स हा करार लागतो. १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये झालेला, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलचा. गवा त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे व्यापारी विक्री बंद. पण करारावर सही झाली म्हणून पोलीस कुणाला पकडू शकत नाहीत. त्यासाठी देशातला कायदा लागतो. भारत साइट्समध्ये १९७६ ला आला. वन्यजीव कायद्यात मात्र या करारासाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं २०२२ च्या दुरुस्तीने. मधली ४६ वर्षं आयात-निर्यात आणि कस्टम्सच्या नियमांवर काम चाललं.

दुसरा करार जागतिक वारशाचा. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं यादीत घेतली. त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि आपलं राधानगरी. या मानाने जंगलात एकही वनरक्षक वाढत नाही. पण सरकार जगापुढे जबाबदार ठरतं, आणि उद्या कुणी जंगलाला धक्का लावायला निघालं तर प्रश्न विचारायला आधार मिळतो.

आता गवा रेषा ओलांडतो. बाहेर पहिला पट्टा लागतो पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा. हा १९८६ च्या पर्यावरण कायद्याखाली येतो. राधानगरीभोवती तो २०२० मध्ये अधिसूचित झाला. तिथं शेती चालू राहते, घर दुरुस्त करता येतं. व्यापारी खाणकाम बंद. आपल्या सड्यांवर बॉक्साईट आहे, त्यामुळे ही बंदी किरकोळ नाही.

त्याच्याही पलीकडे 'संवर्धन राखीव'. २००२ च्या दुरुस्तीने ही सोय आली. दोन जंगलांना जोडणारी सरकारी जमीन, गावकऱ्यांशी बोलून, अशी जाहीर करता येते. विशाळगड, पन्हाळा, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही आपल्या जिल्ह्यातली उदाहरणं. चांदोलीपासून तिलारीपर्यंत जनावरांची वाट तुटू नये, हा हेतू.

पण गवा यापुढेही येतो, आणि पुढे आहे तुमचा ऊस. इथे जागेचा कुठलाच कायदा उरत नाही. फक्त प्राण्याचा उरतो. डिसेंबर २०२१ मध्ये गवा थेट कोल्हापूर शहराजवळ आला. हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. त्याआधी वर्षभर, डिसेंबर २०२० मध्ये, पुण्याच्या कोथरूडमध्ये आलेला गवा लोकांच्या पाठलागात आणि पकडापकडीत मेला. एका ठिकाणी माणूस गेला, दुसऱ्या ठिकाणी जनावर.

श्रोत्यांतून एकांनी चिठ्ठी पाठवली आहे: "ऊस आमचा खातो, मग कायदा त्याचाच का?" प्रश्न रास्त आहे. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचं नुकसान या कारणावरून त्याला मारायची परवानगी मागता येते. गव्याबाबत नाही. तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. स्वतःचा जीव वाचवताना मारला गेला तर मात्र गुन्हा नाही. पिकासाठी भरपाई आहे: लगेच वनविभागाला कळवा, पंचनामा करून घ्या. गवा दिसला तर १९२६ वर फोन करा. मोबाईल घेऊन मागे धावू नका.

भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली नाही, तर वॉशिंग्टनचा करार असो की दिल्लीचा कायदा, त्याचा सगळा भार रेषेबाहेरच्या शेतकऱ्यावर पडतो. मग तो तारेत करंट सोडतो. म्हणून भरपाईचा प्रश्न हा वन्यजीव संरक्षणाचाच प्रश्न आहे. गवा वाचवायचा तर उसाचा पंचनामा वेळेत झाला पाहिजे.