मोजमाप वेगळं, निवाडा वेगळा

रणगाडे एकाच माळावरून पुन्हा पुन्हा गेले की माती दबते, गवत मरतं आणि पुढच्या पावसात तिथे घळी पडू लागतात. अमेरिकी लष्कराकडे सरावासाठी अफाट जमीन होती आणि तिची निगा राखणं भागच होतं. सराव कुठे करावा, कुठली जमीन मोकळी सोडावी, हे ठरवण्यासाठी इलिनॉयमधल्या शॅम्पेन इथल्या लष्करी अभियंत्यांच्या प्रयोगशाळेनं १९८२ पासून एक संगणकप्रणाली घडवायला घेतली. तिचं नाव ग्रास. लष्करानं पुढे हात काढून घेतला, विद्यापीठांनी ती सांभाळली, आणि १९९९ पासून ती मुक्त परवान्याखाली कुणालाही खुली आहे.

ग्रासचा मूळ पिंड रास्टरचा. जमिनीवर आलेखाच्या कागदासारखी चौकोनांची जाळी टाकायची आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा ठेवायचा: एका नकाशात उंचीचा, दुसऱ्यात मातीच्या प्रकाराचा, तिसऱ्यात जमीनवापराचा. मग हे नकाशे एकमेकांवर ठेवून प्रश्न विचारायचे.

नकाशांवर नकाशे ठेवणं संगणकाआधीही होतंच. इयन मॅकहार्ग यांनी १९६९च्या ‘डिझाइन विथ नेचर’मध्ये स्टेटन आयलंडवरच्या रस्त्यासाठी पारदर्शक नकाशे रचून दाखवले. जिथे नुकसान जास्त तिथे छटा गडद. सगळे थर एकावर एक ठेवल्यावर उरलेल्या फिकट पट्ट्यातून रस्ता न्यायचा. पद्धत देखणी होती, पण तिच्यात एक अडचण होती. दोन मध्यम छटा मिळून जेवढा काळेपणा येतो तेवढाच एका गडद छटेनंही येतो. तो मातीमुळे आला की वस्तीमुळे, हे अंतिम चित्रावरून कळत नाही.

डॅना टॉमलिन यांनी १९८०च्या दशकात नकाशांचं बीजगणित मांडलं आणि हा गुंता सुटण्याची वाट झाली. ग्रासमधली ‘आर.मॅपकॅल्क’ ही आज्ञा त्याच विचाराची. उतार अमुकपेक्षा कमी आणि माती खोल असेल तर एक, नाहीतर दोन, अशी अट लिहायची. ती चौकोनाचौकोनाला लागू होते. ‘आर.क्रॉस’ तर बेरीजच करत नाही. उताराचा वर्ग आणि मातीचा प्रकार यांची प्रत्यक्षात आढळणारी प्रत्येक जोडी ती वेगळा वर्ग म्हणून ठेवते, दोन्ही नावांसकट. मला ही आज्ञा फार मोलाची वाटते, कारण निर्णय घेण्याआधी जमिनीवर काय काय आहे ते ती पुरतं दाखवते.

जपून राहायच्या जागाही आहेत. जुन्या आवृत्त्यांत शून्य म्हणजेच ‘माहिती नाही’ असं धरलेलं होतं. समुद्रसपाटीची उंची आणि न मोजलेली जागा यांत फरक करणं त्यामुळे अवघड जाई. पाचव्या आवृत्तीत ‘माहिती नाही’ यासाठी ‘नल’ ही वेगळी खूण आली. आता गणितातल्या एका नकाशात नल असलं की उत्तरही बहुधा नलच येतं, आणि तेच योग्य आहे. तसंच, ढोबळ मातीचा नकाशा बारीक उंचीच्या नकाशाशी जोडला म्हणून मातीची माहिती बारीक होत नाही. एकच मोठा चौकोन अनेक लहान चौकोनांत वाटला जातो, एवढंच.

सगळ्यात विचारी रचना आहे ती ‘आर.रिक्लास’ची, म्हणजे पुनर्वर्गीकरणाची. आपल्याकडे पाणलोटाच्या आराखड्यात उताराचे १ ते ३ टक्के, ३ ते ५ टक्के असे वर्ग पाडतात आणि त्यांवरून समतल चर कुठे, बांधबंदिस्ती कुठे, याचा विचार होतो. पण जमिनीला ५ टक्क्यांची रेघ ठाऊक नसते. ४.९ आणि ५.१ टक्के उताराची दोन शेतं शेजारी असतात. एकाला काम मिळतं, दुसऱ्याला नाही. ही रेघ माणसानं ओढलेली आहे, आणि रंगवलेल्या नकाशात ती निसर्गाचीच असल्यासारखी दिसते.

ग्रास इथे निवाड्याला मोजमापापासून वेगळं ठेवतं. पूर्णांकी वर्गांच्या नकाशाला नवे वर्ग दिले की नवी जाळी तयार होत नाही. मूळ नकाशाकडे बोट दाखवणारा नियमांचा एक तक्ता तेवढा साठवला जातो. कुठले जुने वर्ग कुठल्या नव्या वर्गात गेले, हे त्यात ओळीनं वाचता येतं. गावानं हरकत घेतली तर तीच ओळ बदलून दुसरा नकाशा काढता येतो, आणि दोन्ही शेजारी ठेवून बोलता येतं. असा वर्गीकृत नकाशा शिल्लक असताना कुणी त्याचा मूळ नकाशा पुसायला गेलं, तर ग्रास अडवतं आणि त्यावर कोणते नकाशे उभे आहेत ते सांगतं.