वेलीचं वय

लालबागच्या मसाला गल्लीत मिरची घ्यायला आलेली बाई आधी बेडगी की संकेश्वरी ते विचारते, देठ मोडून बघते, माल यंदाचाच ना याची खात्री करून घेते. त्याच लालबागमध्ये वाईनच्या बाटलीबद्दल गिऱ्हाईक एकच विचारतं, केवढ्याला? द्राक्ष कुठलं, वेल किती वर्षांची, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. म्हणून संपादकांनी ‘जुन्या वेलींची, परवडणारी फ्रेंच लाल वाईन’ असा विषय सुचवला, तेव्हा ‘परवडणारी’ या शब्दापाशीच मी अडखळलो. फ्रान्समधून येणाऱ्या बाटलीवर आपण वर्षानुवर्षं १५० टक्के सीमाशुल्क लावत आलो आहोत. तिथल्या शेतकऱ्याची रोजच्या जेवणातली वाईन इथे पोचेपर्यंत सणासुदीची होते.

ती तिथे स्वस्त का पडते, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे. दक्षिण फ्रान्सच्या लांगदोक भागात कारिन्यान नावाचं काळं द्राक्ष पिकतं. वेल तरुण असताना ते भरमसाट लागतं आणि त्याची वाईन पातळ, आंबट, तुरट होते. वय वाढलं की घड कमी होतात आणि रस दाट होतो. तारांचा मांडव नाही, बुटक्या झुडपासारखी वेल. जमिनीचे पैसे आजोबांच्या काळातच फिटलेले. जुन्या वळणाचा वाईनवाला सिमेंटच्या टाकीत रस आंबवतो, तुरटपणा उतरावा म्हणून कधी अख्खे घडच टाकीत घालतो आणि ओकच्या महागड्या पिंपांच्या भानगडीत पडत नाही. खर्च कमी, म्हणून दाम कमी. पण याच कारिन्यानला तिथे एकेकाळी नतद्रष्ट ठरवून त्याच्या वेली उपटण्यासाठी युरोपने अनुदान दिलं होतं. आजच्या जुन्या वेली म्हणजे त्या काळात ज्यांनी अनुदान घेतलं नाही, त्यांच्या.

‘जुन्या वेली’ असं बाटलीवर छापायला फ्रान्समध्ये वयाची कायदेशीर अट नाही. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाईन संघटनेने २०२४ मध्ये व्याख्या केली, ३५ वर्षं किंवा त्याहून जास्त. मग आपल्याकडे या वयाची वाईनची वेल मिळेल का, हे बघायला मी नाशिक गाठलं.

इतिहास थोडक्यात सांगतो. शामराव चौगुल्यांनी १९८०च्या दशकात नारायणगावला शँपेनवाल्या फ्रेंचांचं तंत्र आणलं आणि तिथली ‘ओमर खय्याम’ परदेशात गेली. २००० साली राजीव सामंतांच्या सुला वाईनरीची पहिली वाईन आली. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि नाशिक-दिंडोरीकडे वाईनच्या बागा झपाट्याने लागल्या.

दिंडोरी तालुक्यातल्या शिराझ जातीच्या वाईन-द्राक्षाच्या एका बागेत छाटणी चालली होती. पेठ-सुरगाण्याकडच्या टोळ्या या कामाला येतात. त्यातल्या पन्नाशीच्या एका माणसामागून मी ओळभर हिंडलो. तो आधी काडी बघे. ती तपकिरी होऊन पक्व झाली आहे का, पेराची जाडी किती, ते बोटांनी चाचपे. मग चार-पाच डोळे मोजून कात्री चालवी, तीही डोळ्याच्या जरा वर, म्हणजे कापलेलं टोक सुकलं तरी डोळा वाचतो. बारीक काडी दिसली की दोनच डोळे ठेवी. एका वेलीला मिनिटभरही लागत नव्हतं, पण एवढ्यात त्या वेलीचं वर्षाचं पीक ठरत होतं. मागून येणाऱ्या बाया हातमोजे घालून डोळ्यांना पेस्ट लावत होत्या. डोळे एकाच वेळी फुटावेत म्हणून ही पेस्ट लावावी लागते, कारण आपल्या हवेत वेलीला झोपच लागत नाही.

अडचण आहे ती इथेच. फ्रान्समध्ये थंडीत वेल काही महिने निजते, खोडात आणि मुळांत अन्न साठवून ठेवते. महाराष्ट्रात तिला वर्षातून दोनदा छाटावं लागतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. नुकताच माल देऊन थकलेल्या वेलीला भर उन्हात नव्याने फुटावं लागतं, कारण पुढच्या हंगामाचे सूक्ष्म घड त्या काड्यांतच धरतात. मग पावसाळा सरताना गोडी छाटणी. वर्षात दोनदा फुटायचं, पीक एकदा. पंधरा-वीस वर्षांत वेल खंगते आणि बाग काढली जाते.

छाटणी करणाऱ्या त्या माणसाने एक खोड दाखवलं. बुंध्याशी बारीक भुसा पडला होता. “खोडकिडा. आत पोखरतो. भुसा दिसला की समजायचं, भाऊ.” त्या वेलीच्या ओलांड्याची, म्हणजे आडव्या फांदीची, एक बाजू वाळलीच होती. पुढच्या वेलीपाशी तो थांबला. “हिचे खड्डे मीच खणले होते. यंदा काढायची म्हणता मालक.”

मालकाला तरी बोल कसा लावावा? जुनी वेल कमी माल देते आणि द्राक्षाचे पैसे किलोवर मिळतात. त्यात २००८ सालची मंदी आणि मुंबईवरचा हल्ला यांनी हॉटेलं ओस पडली, वाईनरीच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या, करार करूनही माल उचलला गेला नाही. धोरणाच्या भरवशावर लावलेल्या कितीतरी बागा तेव्हा उपटल्या गेल्या. चौगुल्यांची कंपनीही पुढे बुडाली. आज ज्या वेली विशी ओलांडून उभ्या असत्या, त्यातल्या बऱ्याच त्याच वेळी जळणात गेल्या. पुढे जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि विरोधामुळे तो अडला. तो विरोध मला समजतो. दारूने घरं कशी बसतात हे लालबाग-परळच्या चाळींनी जवळून पाहिलं आहे. पण दुकानाचा प्रश्न वेगळा आणि बागेचा वेगळा. बागेकडे कुणी पाहिलंच नाही.

माझं म्हणणं साधं आहे. ज्या बागा विशीपर्यंत टिकल्या आहेत, त्यांच्या द्राक्षाला वाईनरीने किलोमागे जास्त दर द्यावा, माल वेगळा आंबवावा आणि लागवडीचं साल बाटलीवर छापावं. बाटली घेणाऱ्यानेही मिरचीसारखीच चौकशी करावी. गिऱ्हाईक विचारू लागलं तरच शेतकरी कुऱ्हाड लावण्याआधी थांबेल. २००१ साली लावलेली वेल ३५ वर्षांची व्हायला २०३६ उजाडेल, आणि तोवर ती जागेवर राहायला हवी.