चूल खरी किती पेटते?

“हो ताई, रोज नव्याच चुलीवर करते.” घरोघरी हेच उत्तर. त्यात खोटेपणा नसतो, पाहुण्याचं मन राखणं असतं. म्हणून कमी धुराच्या चुलींवर काम करणारे आम्ही थेट चुलीलाच विचारतो.

आयबटन ही कोटाच्या बटणाएवढी स्टीलची चकती वेळ आणि तापमान टिपते. तिच्या एका प्रकारात २,०४८ नोंदी मावतात. दर १० मिनिटांना एक धरली तर १४ दिवसांची सोय. ८५ अंशांपुढची धग तिला सोसत नाही, त्यामुळे जागा हेरून लावावी लागते. बर्कली विद्यापीठातले संशोधक कर्क स्मिथ यांच्या गटाने ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात अशा चकत्यांनी चुलींचा वापर मोजला. आता काही सेन्सर मोबाइल नेटवर्कवरून नोंदी पाठवतात.

चकती जुन्या चुलीलाही लावायची, कारण बऱ्याच घरांत दोन्ही पेटतात. समजा, नवी फक्त चहाला तापते आणि जेवणाच्या वेळी गार. कारण कळायला मात्र स्वयंपाकघरातच बसावं लागतं. तव्यावरची भाकरी बाई निखाऱ्यासमोर उभी करून फुगवते. नव्या चुलीत निखारे आत, तोंड अरुंद. मग निखारे पुढे ओढता येतील अशी जागा काढायची.

या नोंदींतून घर कधी रिकामं असतं हेही कळतं. म्हणून आधी परवानगी, आणि आलेख पहिल्यांदा घरच्या बाईला. सपाट रेघ दिसली की ती लगेच सांगते, “तेव्हा आम्ही लग्नाला गेलो होतो!”